प्रकल्प नोंदी: फीचर रिक्वेस्टची रांग, जून ते ऑगस्ट २०२५

७ जून २०२५, शनिवार

आजपासून हे लिहून ठेवतोय कारण नुसतं डोक्यात ठेवून जमत नाहीये. आपला कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये, आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आणणारा प्रोग्रॅम, सहा वर्षांचा झाला. मेंटेनर, म्हणजे हे सांभाळणारे, तिघं. मी पुण्यात, दादा नाशिकला, ताई जर्मनीत, आणि तिघांनाही नोकऱ्या, म्हणजे कामाला हात लागणार तो रात्री दहानंतर नाहीतर शनिवार-रविवारी. सकाळी चहा घेऊन बसलो आणि गिटहबवरचे, म्हणजे जिथे आपला कोड असतो त्या साइटवरचे, ओपन इश्यू (लोकांनी टाकलेल्या तक्रारी-मागण्या) मोजले. १४३ निघाले. त्यातल्या ६१ फीचर रिक्वेस्ट, म्हणजे नवीन सोयीच्या मागण्या, आहेत, आणि त्या ६१ मधल्या ३८ वर 'हाय प्रायॉरिटी' लेबल आहे.

३८ गोष्टी एकदम सगळ्यात आधी कशा करणार? आणि ही लेबलं बाहेरच्या कुणी नाही लावली, आम्हीच लावली. कुणी लिहिलं की 'खूप अर्जंट आहे हो', की लाव लेबल, समोरच्याला बरं वाटतं, आपल्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि मग ते तसंच पडून राहतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका इश्यूवर मी स्वतः लिहिलंय 'लवकरच घेतो'. त्या माणसाकडे त्याच्या आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या आहेत, नव्वदच्या दशकात कुणाकडून तरी डीटीपी करून घेतलेल्या, आणि फाइलमधल्या तळटीपा आपला कन्व्हर्टर सरळ गाळून टाकतो. त्याने नंतर तीनदा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं. हे आज सलग वाचलं आणि फार वाईट वाटलं. नाही म्हणालो असतो तर निदान त्याने दुसरीकडे कुठेतरी सोय बघितली असती.

ठरवलंय की सगळ्या ६१ वाचायच्या. नुसती टायटलं नाही, खालच्या कमेंट्ससकट.

८ जून, रविवार

२४ वाचून झाल्या. नवीन येणाऱ्यांसाठी आधी हे लिहितो, कारण अर्ध्या रिक्वेस्ट वाचताना कळतं की काम किती मोठं आहे याचा अंदाजच लोकांना नाहीये, आणि तो आम्ही कधी दिलाही नाही.

जुने फॉन्ट म्हणजे काय तर इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले. कृतिदेवमध्ये इंग्रजी डी दाबला की क दिसतो, ई दाबला की म, आणि कॅपिटल झेड म्हणजे रफार. तर 'कर्म' टाइप करताना डी, ई, झेड. म्हणजे क, म आणि सगळ्यात शेवटी रफार, डोळ्याला दिसतो त्या क्रमाने. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम लागतो, क, र, हलंत, म. तसंच पहिली वेलांटी. 'कि' लिहायला आधी एफ म्हणजे वेलांटी आणि मग डी म्हणजे क, युनिकोडमध्ये बरोब्बर उलट. म्हणजे नुसतं या अक्षराऐवजी ते अक्षर करून भागत नाही, मागचं पुढे न्यावं लागतं, आणि जोडाक्षर आलं की किती पुढे न्यायचं तेही शोधावं लागतं. 'र्त्स्न्य' सारखं काही आलं की बघायलाच नको. आणि प्रत्येक फॉन्ट घराण्याचा नकाशा वेगळा, श्रीलिपीचा वेगळा, डीव्हीबी सुरेख-योगेशचा वेगळा.

म्हणून कुणी जेव्हा एका ओळीत लिहितं की 'अमुक फॉन्टचा सपोर्ट द्या, सोपं आहे', तेव्हा त्यामागे साधारण अडीचशे आकारांचा तक्ता हाताने तयार करायचा असतो, आणि तोही त्या फॉन्टमधली खरीखुरी टाइप केलेली फाइल हातात असल्याशिवाय तपासता येत नाही.

सगळ्यात जास्त अंगठे, म्हणजे इश्यूला पाठिंबा म्हणून लोक देतात ते लाइक, कशाला आहेत ते बघितलं. डार्क मोड, ४६. मोबाइल ॲप, ३९. मग 'अख्खा फोल्डर एकदम कन्व्हर्ट करा', २२. एक्सेलच्या कॉलमचं काम, ९. खाली खाली गेलं की शून्य अंगठ्यांवाल्या येतात, आणि त्या वाचताना वेग आपोआप कमी होतो कारण लिहिणारा माणूस खरंच अडलेला असतो.

१४ जून, शनिवार

एका प्रकाशनाकडून मेल आली. दिवाळी अंकांचे वीस-पंचवीस वर्षांचे जुने अंक युनिकोडमध्ये आणायचेत, या दिवाळीच्या आत, त्यासाठी पेजमेकरची (पानं लावायचा जुना प्रोग्रॅम) फाइल थेट उघडता आली पाहिजे, 'कृपया टॉप प्रायॉरिटीवर घ्यावे'. सोबत गेल्या आठवड्यात टाकलेल्या इश्यूची लिंक, त्याच्यावर एका दिवसात १७ अंगठे, बहुतेक सगळे त्यांच्याच ऑफिसातले असणार, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही, गरज आहे म्हणून मागतायत.

काम मोलाचं आहे हे मनापासून वाटतं. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, आणि नव्वदच्या दशकापासून पुढची पंधराएक वर्षं छापलेलं कितीतरी असल्या फाइलींमध्ये अडकून पडलंय, उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, सर्च होत नाही, कॉपी होत नाही. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती आली २००१ मध्ये, त्या फाइलची आतली रचना उघड नाही, आणि ती वाचणारा कोड आम्ही तिघांनी लिहायचा म्हटलं तर वर्ष जाईल. तरी लगेच नाही म्हणवेना. ताईला विचारलं, ती म्हणाली आधी त्यांना विचार की आरटीएफ (बहुतेक प्रोग्रॅम वाचू शकतात असा फाइलचा प्रकार) एक्सपोर्ट करता येतं का, जुनं मशीन आहे का अजून कुणाकडे. विचारलंय.

१९ जून, गुरुवार

आज जे सापडलं त्याने झोप उडाली आहे, सविस्तर लिहितो.

शून्य अंगठ्यांवाल्यांमध्ये एक फेब्रुवारीतली रिक्वेस्ट होती, टायटल 'गावाचे नाव दुरुस्त करण्याची सोय हवी'. फीचर म्हणून टाकलेली, म्हणून आम्ही 'नंतर बघू' मध्ये ढकललेली. टाकणारा कॉलेजचा मुलगा आहे, कऱ्हाडच्या एका वाचनालयात त्याची मावशी काम करते, तिने कन्व्हर्टर वापरून पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये केली, अकरा हजारांच्या वर नोंदी. त्यात गावाचं नाव प्रत्येक ठिकाणी 'कर्हाड' असं येतंय. तर तिला फाइंड-रिप्लेससारखी काहीतरी सोय हवी होती. मुलाने स्क्रीनशॉटसुद्धा जोडलाय.

स्क्रीनशॉट मोठा करून बघितला. फक्त गावाचं नाव नाही. 'दुसर्या महायुद्धाचा इतिहास'. 'वार्यावरची'. 'शेतकर्यांचे प्रश्न'. 'वर्हाडातील लोककथा'. जिथे जिथे ऱ्य आणि ऱ्ह हवा तिथे रफार बसलाय.

पोटात गोळाच आला. कारण हे आपल्याच हातून झालंय. गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, काढला. मार्च २०२४ मध्ये आम्ही एक फीचर दिलं होतं, 'अदृश्य कॅरेक्टर साफ करा'. त्याला ३१ अंगठे होते, त्या वेळची सगळ्यात लाडकी रिक्वेस्ट, वर्डमधून किंवा पीडीएफमधून मजकूर घेतला की मधेमधे झिरो विड्थ स्पेस वगैरे येतात आणि मग सर्चला शब्द सापडत नाही, तर ते काढा. खरी अडचण होती. आम्ही काय केलं, युनिकोड क्रमांक २००बी ते २००डी असा सलग पट्टा आणि एफईएफएफ, सगळं उडवलं. नेटवर सगळीकडे हाच पट्टा दिलेला असतो, इंग्रजीपुरता तो चालूनही जातो. पण २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं अदृश्य चिन्ह, आणि आपला कन्व्हर्टर 'ऱ्य' लिहायचा तो र, हलंत, जॉइनर, य असा. जॉइनर गेला की उरतं र, हलंत, य. म्हणजे र्य. म्हणजे रफार.

आणि हे डीफॉल्ट ऑन होतं. पंधरा महिने. या पंधरा महिन्यांत ज्यांनी ज्यांनी कन्व्हर्ट केलं त्या सगळ्यांच्या मजकुरात दऱ्यांचा दर्या झालेला आहे, आचाऱ्यांचे आचार्य झालेत, आणि बऱ्याच जणांना कळलंही नसेल कारण हल्ली नेटवर 'दुसर्या' इतकं दिसतं की डोळ्याला सवय झालीय.

अंगठे ३१ विरुद्ध शून्य. हे विसरायचं नाही.

२० जून, शुक्रवार

ऑफिसला जायच्या आधी डीफॉल्ट बंद करून छोटी रिलीज टाकली. दादाने बसमधून रिव्ह्यू केला. आता निदान नवीन मजकूर तरी बिघडणार नाही. नीट फिक्स बाकी.

२२ जून, रविवार

तिघांचा कॉल, अडीच तास. ताईच्या इथे दुपार होती, मागे तिचं बाळ रडत होतं, तरी ती शेवटपर्यंत बसली.

सुरुवात अंगठ्यांपासूनच झाली. दादाचं म्हणणं की मोजायला काहीतरी हवंच, नाहीतर ज्याचा मेल शेवटी आला त्याचं काम होतं. बरोबर आहे. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरवाल्यांचा नियम त्याने सांगितला, नवीन रिक्वेस्ट आली की ६० दिवस ठेवतात, २० अंगठे मिळाले तर बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, नाहीतर बंद. त्यांच्याकडे हे चालतं कारण त्यांचे वापरणारे सगळे डेव्हलपर, सगळ्यांची गिटहबवर अकाउंट. आपल्याकडे कोण वापरतं? वाचनालयातल्या बाई, डीटीपीवाले, ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, निवृत्त शिक्षक. यांच्यातले शंभरात दोन तरी गिटहबवर असतील का. म्हणजे आपल्या इथले अंगठे मोजले की फक्त डेव्हलपर मंडळींना काय हवं ते कळतं, आणि त्यांना डार्क मोड हवाय, हवाच असणार, रात्री काम करतात. अंगठ्यांचा उपयोग एकच, एकसारख्या कमेंट्सचा ढीग लागत नाही. २०१६ मध्ये गिटहबने रिॲक्शन आणल्या त्या याच कारणाने, त्याआधी प्रत्येक इश्यूखाली नुसतं 'प्लस वन, प्लस वन' असायचं.

ताईने डेबियन या लिनक्स प्रकल्पाचं उदाहरण काढलं आणि ते मला फार पटलं. तिथे बगची तीव्रता परिणामावरून ठरते. डेटा जात असेल तर 'ग्रेव्ह', आणि फीचर रिक्वेस्ट असेल तर 'विशलिस्ट', सगळ्यात खालची पायरी. किती जणांनी मागितलं हा प्रश्नच तिथे येत नाही. ती म्हणाली, आपल्याकडे मजकूर हाच डेटा, आणि तो चुकीचा होऊन बाहेर पडला की मूळ फाइल लोक फेकून देतात, मग परत कसा आणणार.

शेवटी असं ठरलं की कुठलीही रिक्वेस्ट आली की पहिला प्रश्न, हे नाही केलं तर कुणाचा मजकूर बिघडतो का किंवा गळतो का. हो असेल तर ती फीचर म्हणून आलेली असो की बग म्हणून, सगळ्यात आधी, तारीख-बिरीख न बघता. कीर्तनाच्या तळटीपा याच्यातच येतात, तो माणूस दोन वर्षं बरोबर बोलत होता. त्यानंतर बघायचं की आत्ता दुसरी काही वाट आहे का, भले वेळखाऊ असेल. वाट असेल तर ते थांबू शकतं. मग सोबत नमुना फाइल आहे का. आणि केल्यानंतर ते पुढे सांभाळणार कोण, हा प्रश्न आम्ही आजपर्यंत एकदाही विचारला नव्हता.

'हाय प्रायॉरिटी' लेबल डिलीट केलं. आता तीनच, 'आधी', 'पुढे' आणि 'घेणार नाही'. 'आधी' मध्ये एका वेळी पाचपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, सहावी आली तर पाचातली एक खाली उतरवायची आणि का उतरवली ते तिथेच लिहायचं. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या इश्यू ट्रॅकरमध्ये 'समडे, मेबी' असा एक टप्पा असतो, दादाला तो चौथा म्हणून हवा होता. मी नको म्हटलं. आमच्या हातात ते लेबल परत 'लवकरच घेतो' होईल याची मला खात्री आहे.

२९ जून, रविवार

आठवडाभर रोज रात्री उत्तरं लिहिली. ६१ पैकी २७ वर 'घेणार नाही'. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन ओळी कारण, आणि दुसरी काही सोय माहीत असेल तर ती.

मोबाइल ॲपला नाही म्हणणं अवघड गेलं. ३९ लोक. पण जुन्या फॉन्टची फाइल फोनवर असतेच कुणाकडे, आणि आम्हा तिघांत ॲप सांभाळणारं कुणी नाही. हेच स्पष्ट लिहिलं. दोघांनी वाईट लिहिलं, एकाने लिहिलं की ठीक आहे, मी करून बघू का वेगळ्या रिपोमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून. लायसन्स खुलं आहे, कर म्हटलं, नकाशाच्या फाइली आपल्याच वापर म्हटलं.

डार्क मोड 'पुढे' मध्ये. एका मुलीने पीआर, म्हणजे स्वतः लिहिलेला कोड, द्यायची तयारी दाखवली, छान, सीएसएसचंच, म्हणजे नुसतं दिसण्याचंच काम आहे आणि मजकुराला हात लागत नाही.

गोव्याहून एकाने कोकणीसाठी पीआर पाठवली, जुन्या छापखान्यातल्या फाइली. सोबत नमुने, टेस्ट, सगळं. चार दिवसांत आपल्या कोडमध्ये मर्ज झाली. रांगेत नव्हतीच ती, पण जो स्वतःचं ताट वाढून घेऊन येतो त्याला रांगेत कशाला उभं करायचं, रिव्ह्यूपुरता वेळ कसाही निघतो.

६ जुलै, रविवार

आषाढी. घरी साबुदाणा आणि फराळ, टीव्हीवर पंढरपूर. काम शून्य.

१२ जुलै, शनिवार

नवीन अकाउंट, महिनाभरापूर्वीच काढलेलं, गेले दहा दिवस बऱ्याच इश्यूंवर लिहितंय. 'मेंटेनर काम करत नाहीत', 'एवढे दिवस लागतात म्हणजे प्रोजेक्ट मेला', आणि काल, 'कमिटचे अधिकार नवीन लोकांना द्या, मी तयार आहे'. त्याच्या मागोमाग अजून दोन अकाउंटं त्याला दुजोरा देणारी.

कदाचित खरंच वैतागलेला माणूस असेल, त्याला तसंच समजून नीट उत्तर दिलं. पण अधिकार, म्हणजे कोड थेट बदलण्याचे, दिले नाहीत आणि इतक्यात देणारही नाही, आणि का ते इथे नोंदवतो. एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं जे झालं ते हेच होतं. एकटा मेंटेनर, थकलेला, आणि २०२२ पासून काही अनोळखी अकाउंटं त्याच्या मागे लागली की पॅच (पाठवलेले कोडमधले बदल) लवकर घे, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. 'जिया टॅन' नावाच्या अकाउंटला हळूहळू अधिकार मिळाले, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार बसवलं गेलं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून तो खोलात गेला. २९ मार्च २०२४ ला त्याने जाहीर केलं. अर्ध्या सेकंदावर निभावलं.

आपला प्रोजेक्ट तेवढा मोठा नाही. पण घाई आहे म्हणून किल्ली द्यायची नाही एवढं तरी त्यातून घेता येतं. नियम केला, किमान वर्षभर पीआर आणि रिव्ह्यूमध्ये दिसलेल्या माणसालाच अधिकार, आणि तिघांची संमती.

२० जुलै, रविवार

एक रिक्वेस्ट, १२ अंगठे, कल्पना हुशारीची आहे. फॉन्टचा नकाशा प्रोग्रॅममध्ये नसेल तर दिलेल्या यूआरएलवरून आपोआप उतरवून घ्यायचा. आमचं काम खूप वाचेल, लोक आपापले नकाशे कुठेही ठेवतील. दादा तयार होता. मीही दोन दिवस त्याच बाजूचा होतो.

मग लॉगफोरजे आठवलं, जावा प्रोग्रॅम आपल्या नोंदी (लॉग) लिहायला वापरतात ती लायब्ररी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सगळ्या जगाची धावपळ झाली, आमच्या ऑफिसात लोक तीन रात्री घरी गेले नव्हते. दहापैकी दहा तीव्रतेची त्रुटी. ती मुळात आली कुठून, तर २०१३ मध्ये आलेल्या एका फीचर रिक्वेस्टमधून, जेएनडीआय लुकअपची, म्हणजे दुसरीकडून माहिती शोधून आणायची सोय द्या म्हणून, सोबत पॅचही होता, घेतला गेला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आठ वर्षं ते तिथे होतं आणि बाहेरून आलेली एक ओळ लॉगमध्ये पडली की प्रोग्रॅम बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत होता.

आपल्या नकाशांमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचे-बदलायचे नमुने) आहेत, काही ठिकाणी छोट्या स्क्रिप्टही. त्या कुणाच्याही यूआरएलवरून उचलायच्या म्हणजे वाचनालयातल्या त्या कॉम्प्युटरवर अनोळखी माणसाला बसवल्यासारखं आहे. 'घेणार नाही'. त्याऐवजी नकाशा पाठवायची पद्धत सोपी केली, एक टेम्प्लेट, एक नमुना वाक्य, चार दिवसांत उत्तर द्यायचा शब्द.

२ ऑगस्ट, शनिवार

ऱ्य चा पक्का फिक्स मर्ज झाला. सहा आठवडे लागले.

दोन भाग. पहिला, आता जॉइनर वापरायचाच नाही. युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ऱ आहे, ०९३१, आणि त्याला हलंत लावला की हाच अर्धा र मिळतो, स्टँडर्डमध्ये मराठीचं नाव घेऊन दिलंय. त्यात अदृश्य असं काही नाही, पुढे दुसऱ्या कुणी साफसफाई केली तरी टिकतो. अडचण एवढीच की दोन्ही पद्धती दिसायला एक आणि आतून वेगळ्या, नॉर्मलायझेशननेही (युनिकोडची मजकूर एकसारखा करायची पद्धत) एक होत नाहीत, म्हणून सर्चमध्ये दोन्ही जुळवून घ्यायची सोय वेगळी लिहिली.

दुसरा भाग म्हणजे आधीच बिघडलेल्या मजकुराचं काय. मला वाटलं होतं एक स्क्रिप्ट चालवली की झालं. छे. 'दुसर्या', 'करणार्या', 'शेतकर्यांचे' असे शब्द नाहीतच, ते बिनधास्त बदलता येतात. पण कार्य, सूर्य, धैर्य, मर्यादा, पर्याय, यांना हात लावायचा नाही. 'अर्हता' तशीच ठेवायची आणि 'तर्हा' ची तऱ्हा करायची. आणि मग 'दर्या'. समुद्र की डोंगरातल्या दऱ्या? 'आचार्यांनी' प्रवचन केलं की स्वयंपाक? ते प्रोग्रॅमला कळणार नाही, कळल्याचा आव आणून त्याने बदलूही नये. म्हणून असे शब्द पिवळे करून माणसाला विचारतो, मागचे-पुढचे पाच शब्द दाखवून. ताईच्या आईने, त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, दोन्ही अर्थांचे शब्द वहीत काढून दिले, ८३ निघाले. त्या वहीच्या पानांचे फोटो बघून यादी भरली. अक्षर काय सुंदर आहे त्यांचं.

९ ऑगस्ट, शनिवार

प्रकाशनाचा फोन. जुन्या मशीनवर पेजमेकर चालतो अजून, आरटीएफ निघतं. ही मोठी गोष्ट झाली, कारण आरटीएफमध्ये कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट हे लिहिलेलं असतं, म्हणजे मधे इंग्रजी शब्द आला तर त्याला हात न लावता पुढे जाता येतं. साध्या मजकुरात ते कळत नाही, 'एलएलबी' वगैरेचं मराठीत भलतंच काहीतरी होऊन बसतं. एक्सेलची जी ९ अंगठ्यांची रिक्वेस्ट आहे तिचंही मूळ हेच.

ते पैसे द्यायला तयार आहेत, आणि मोकळेपणाने बोलले, किती दिले की पहिला नंबर लागेल असं. मीही तसंच मोकळं सांगितलं. पैसे आले तर कुणाला तरी दोन महिने अर्धवेळ बसवता येईल आणि आरटीएफचं काम खरंच लवकर होईल, ते आम्हाला हवंच आहे, एक्सेलवाल्यांचंही त्यातून सुटेल. पण तळटीपा गळतायत ते काम त्याच्या आधी राहील, आणि टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय दिवाळी असली तरी रिलीज होणार नाही. शिवाय जे होईल ते सगळ्यांसाठी खुलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले की आमच्याच अंकातल्या तळटीपा गळाल्या असत्या तर आम्हाला चाललं नसतं, करा तुमच्या पद्धतीने. बरं वाटलं फार.

या दिवाळीपर्यंत पाच वर्षांचे अंक, बाकी पुढे. हे लेखी पाठवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

रिलीज गेली. बाहेर दहीहंडीचे स्पीकर, खिडक्या लावून बसलो होतो. रिलीज नोटच्या अगदी वर, ठळक, 'मार्च २०२४ ते जून २०२५ मध्ये कन्व्हर्ट केलेला मजकूर तपासून घ्या' आणि कसा तपासायचा ते. दादाला वाटत होतं की एवढं वर नको, लोकांचा विश्वास जाईल. मला उलट वाटतं, आणि ताईलाही. लपवून ठेवलं असतं तर ते 'शेतकर्यांचे प्रश्न' तसेच पुस्तकांच्या यादीत राहिले असते.

जे गिटहबवर नाहीत त्यांच्यासाठी आता एक साधा ईमेल आणि व्हॉट्सॲपचा नंबर दिलाय, तिथे आलेलं आम्ही स्वतः इश्यू म्हणून टाकणार. पहिल्याच दिवशी १४ मेसेज. त्यातले ५ मजकूर बिघडण्याचे, आधी कुणीच न सांगितलेले. एक तर अनुस्वाराचा आहे, वेलांटीवर अनुस्वार असला की जागा सोडतो.

२४ ऑगस्ट, रविवार

कऱ्हाडच्या बाईंशी फोनवर बोललो, भाच्याने नंबर दिला. त्यांनी दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला, साडेतीन हजारांच्या आसपास नोंदी बदलल्या, आणि पिवळे झालेले दोनशे-अडीचशे शब्द त्या रोज दुपारी थोडे थोडे बघतायत. 'अहो, ते विचारतं ते बरं आहे,' म्हणाल्या, 'आमच्याकडे दर्यावर्दी पण आहेत आणि सह्याद्रीच्या दऱ्या पण.' मी माफी मागितली. त्यांना ते फार काही वाटलं नाही, त्यांना विचारायचं होतं की फोल्डर एकदम कधी होईल, कारण अजून साडेचारशे फाइली आहेत आणि एकेक उघडून हात दुखतो. फोल्डरचं काम 'पुढे' मध्ये पहिलं आहे, नोव्हेंबर सांगितला, नक्की तारीख दिली नाही.

कीर्तनाच्या वह्यांवाल्यालाही जूनमध्येच लिहिलं होतं की तळटीपांचं काम 'आधी' मध्ये आहे आणि नमुना मिळाला तर बरं. उत्तर आलं नव्हतं. काल रात्री आलं, सोबत अख्खी फाइल, २१२ पानं. ती रिपोमध्ये टाकणार नाही, घरची वस्तू आहे, टेस्टसाठी तसंच दुसरं काहीतरी लिहून घेईन. आज दुपारी तळटीपांची नवीन ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, तिच्यावर चालवली. पहिल्या अकरा पानांच्या टीपा जागच्या जागी आल्या. बाराव्या पानावर एक टीप दोन पानांत मोडलीय, तिचा दुसरा अर्धा भाग अजून गळतोय. तिथे थांबलोय, उद्या रात्री दादाबरोबर बसणार.